उंबरठा

गेल्या वैशाखात मिठबावच्या आमच्या घराच्या पडवीत, आंब्याच्या पेट्या भरून हातपाय धुऊन बसलो असता, भाच्याने डब्यातून तळहाताएवढी एक हिरवी पाटी काढून माझ्यापुढे ठेवली. मधोमध काळी चौकोनी चिप, एका अंगाला केबलचे तोंड, आणि दोन्ही कडांना ओळीने मांडलेली रिकामी भोके. चिप म्हणजे मायक्रोकंट्रोलर, आणि त्याच्याकडून काय काय काम करून घेता येईल हे नवख्याला पारखून पाहता यावे म्हणून जी पाटी बनवतात, तो इव्हॅल्युएशन बोर्ड. माझी नजर चिपेवर न थांबता त्या भोकांपाशी थांबली आणि मी विचारले, "ही भोकां रिकामी कित्याक रे?" तो म्हणाला, "मामा, उद्या जो कोण येतलो, तेच्यासाठी." ज्या एका शब्दाभोवती मी कित्येक वर्षे फिरतो आहे, देवळात शिरताना, घरातून निघताना, दुसऱ्याच्या दारात उभे राहताना ज्याचा अर्थ मनात घोळत असतो, तो शब्द त्या उत्तराने पुन्हा समोर आणून ठेवला. तो शब्द उंबरठा. आज त्याच्यापाशी आपण थोडा वेळ बसू.

उंबरठा या शब्दात उंबर आहे. संस्कृतात उदुंबर म्हणजे उंबराचे झाड, आणि उदुंबर म्हणजे घराचा उंबरठाही. ज्या वृक्षातळी दत्तात्रेयांचे अधिष्ठान आपण मानतो, त्याचेच नाव आपल्या पूर्वजांनी दारातल्या आडव्या लाकडाला राहू दिले, यात मला मोठा संकेत दिसतो. उंबरठा घराच्या आतही नाही आणि बाहेरही नाही. तो ना भिंत, जी अडवते, ना वाट, जी कोणालाही नेते. तो येऊ देतो, पण पाऊल उचलायला लावून येऊ देतो. आमच्या किनाऱ्यावर, जिथे चार महिन्यांत तीन मीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तिथे जुन्या घरांचे उंबरठे उंच असतात आणि चौकटी ठेंगण्या. पाणी आणि सरपटणारे जीव बाहेर राहावेत म्हणून उंबरठा उंच, आणि आत येणारा वाकून यावा म्हणून चौकट ठेंगणी. उंची आणि नम्रता या दोन्ही गोष्टी एकाच दारात नांदू शकतात, हे ज्याला उमगले त्याला उंबरठ्याचा पहिला पदर उलगडला.

आता त्या पाटीकडे वळू. आतली चिप जन्मतः आंधळी आणि बहिरी असते. तिला हिशेब येतो, स्मरण येते, क्रम येतो, पण ऊन म्हणजे काय, ओल म्हणजे काय, खारट म्हणजे काय, यातले काहीच तिच्या गावी नसते. गीतेने देहाला नऊ दारांचे नगर म्हटले आहे. त्या नगराच्या स्वामीलाही जग कळते ते दारांतूनच, आणि दारे मिटली की आत कितीही ऐश्वर्य असले तरी जगाची वार्ता येत नाही. या पाटीवरच्या भोकांच्या ओळी म्हणजे तिची दारे. काहींतून सेन्सर जोडायचे, म्हणजे जग आत यावे. काहींवर बिनतारी संदेशाचा तुकडा बसवायचा, म्हणजे आतले कळलेले दूर जावे. जगाचे येणे आणि शब्दाचे जाणे या दोन्ही वाटा जिथे एकमेकींना स्पर्श करतात, त्या पितळी पिनांच्या रांगेला इंग्रजी शिकलेले कारागीर इंटरफेस म्हणतात, आणि मी, अधिक काही न जोडता, उंबरठा म्हणतो.

भाच्याच्या मनात होते ते विहिरीचे काम. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात, त्यामुळे गावाचे नाव उच्चारले की माझ्या कानांना मीठ आणि विहीर हे दोन्ही शब्द एका श्वासात ऐकू येतात. शेजारच्या तांबळडेग गावाच्या बाजूला, माडांच्या बागेत, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची एक बाव आहे. भर पावसात तिचे पाणी गोड, आणि वैशाख सरता सरता जिभेला किंचित मचूळ. जिभेला कळते तोवर उशीर झालेला असतो, म्हणून जिभेच्या आधी कळावे असा एक सेन्सर तिच्यात सोडायचा, आणि त्याचा निरोप घरच्या पडवीत आणायचा, एवढाच त्याचा संकल्प होता. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असावेत आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावेत, असे भारतीय मानक सांगते. या दोन टोकांच्या मध्ये आमची बाव वर्षभर ये-जा करते.

तर खारटपणा या उंबरठ्यावर येतो कसा, ते पाहा. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युतभारित कण मोकळे होतात, आणि जितके कण अधिक तितकी वीज त्या पाण्यातून सहज वाहते. सेन्सरच्या दोन पट्ट्यांमधून हलकी वीज सोडायची, तीही एकाच दिशेने नव्हे, तर आलटून पालटून, कारण एकाच दिशेने सोडली तर कण पट्ट्यांपाशी गर्दी करतात आणि मोजमाप खोटे पडते. शिवाय पाणी एका अंशाने तापले की त्याची वाहकता सुमारे दोन टक्क्यांनी वाढते, म्हणून सोबतीला तापमानाचा सेन्सर हवाच. या सगळ्या खटाटोपातून शेवटी हाती लागतो तो विजेचा एक लहानसा दाब, शून्यापासून ३.३ व्होल्टपर्यंत कुठेतरी, आणि पाटी त्याचे ४०९६ पायऱ्यांत माप घेते. म्हणजे एकेक पायरी एका मिलिव्होल्टहूनही लहान. समुद्र आत येत नाही, पाणी आत येत नाही, चवही आत येत नाही. आत येतो एक आकडा. देवळात शिरताना आपण जशी चप्पल बाहेर काढतो, तसे जग आपले ओलेपण, गंध आणि वजन दाराबाहेर उतरवून ठेवते, आणि जे नेमके सांगायचे तेवढेच घेऊन आत येते. उंबरठा हे गाळून घेण्याचे ठिकाण आहे. जे सगळेच आत घेते ते घर राहत नाही, रस्ता होतो.

पण गाळून घ्यायचे तर उंबरठ्याची उंची आधी ठरलेली हवी, आणि ती दोघांनाही ठाऊक हवी. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, चुकीतून शिकलो. पहिल्याच दिवशी, विहिरीच्या पाण्याची पातळी प्रतिध्वनीने मोजणारा एक सेन्सर मी माझ्या हाताने पाटीला जोडला. सेन्सर बोलणारा पाच व्होल्टांत, पाटी ऐकणारी ३.३ व्होल्टांत. दोघांचीही नियत चांगली, पण ज्या मोठ्या आवाजात एकाने सांगितले तो दुसऱ्याच्या कानाला सोसला नाही, आणि पाटीची ती पिन कायमची बहिरी झाली. भाच्याने रागाचा एक शब्दही न काढता दोन रेझिस्टर घेतले, एक हजार ओमांचा आणि एक दोन हजारांचा, आणि त्यांच्यामधून असा रस्ता काढला की पाचातले ३.३ च पलीकडे पोचावेत. मोठ्या घराच्या ओटीवरून लहान घराच्या अंगणात उतरताना मध्ये पायरी लागते, तशी ही पायरी. त्या दिवसापासून मला वाटत आले आहे की माणसांतले कितीतरी दुरावे वाईट मनातून जन्मत नाहीत, ते दोन घरांतल्या उंबरठ्यांच्या उंचीतल्या फरकातून जन्मतात. तिथे कोणाला बदलण्याची गरज नसते, मध्ये कोणीतरी पायरी होण्याची गरज असते.

आता आणखी एक पदर उलगडू. यंत्राची भाषा हो आणि नाही, एक आणि शून्य, एवढीच असते असे आपण ऐकतो. पण तारेवर एक आणि शून्य कुठेच लिहिलेले नसतात, तिथे असतो फक्त चढता-उतरता दाब. साधारण रीत अशी की दाब पुरवठ्याच्या तीन दशांशाखाली असला तर शून्य मानावे आणि सात दशांशावर असला तर एक मानावे. ३.३ व्होल्टांच्या पाटीवर हे टप्पे एक व्होल्टाच्या आसपास आणि २.३ व्होल्टांच्या आसपास येतात. मग मधल्या जागेचे काय? तिथे यंत्र वचन देत नाही. भक्त प्रल्हादासाठी प्रगटलेल्या नरसिंहाने ना घरात ना बाहेर, ना दिवसा ना रात्री, असा जो क्षण आणि जी जागा निवडली, ती उंबरठ्याचीच होती. त्या जागेवर सामान्य नियम चालत नाहीत, तिथे निर्णय होतो. म्हणून जाणत्या कारागिरांनी या मधल्या जागेत फार मोठे शहाणपण ठेवले आहे. चढताना ओलांडायची रेघ थोडी वर आणि उतरताना ओलांडायची थोडी खाली, असे दोन उंबरठे ठेवायचे, म्हणजे थरथरता संकेत क्षणात आत आणि क्षणात बाहेर असा नाचत राहत नाही. आमच्या विहिरीच्या सूचनेलाही आम्ही हेच केले. क्षार एका मर्यादेच्या वर गेले की इशारा, आणि त्याहून बऱ्याच खाली उतरल्याखेरीज इशारा मागे नाही. मनाचेही असेच असावे असे मला वाटते. एखाद्यावर रुष्ट व्हायला जेवढे कारण लागते, त्याहून थोड्या कारणाने प्रसन्न होऊ नये असा याचा अर्थ नव्हे. एकदा विचाराने ओलांडलेला उंबरठा वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीने परत ओलांडायचा नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

रिकाम्या भोकांविषयी मी सुरुवातीला विचारले होते, त्याकडे परत येऊ. ज्या पिनेला काहीच जोडलेले नाही ती शांत असेल असे आपल्याला वाटते, पण तसे नसते. निराधार सोडलेली पिन हवेतली प्रत्येक हालचाल झेलते. हात जवळ नेला तरी ती डोलते, घरातल्या विजेच्या तारांचा गुंजारव तिच्यात उमटतो, आणि आत बसलेल्या चिपेला भास होतो की कोणीतरी आले. म्हणून प्रत्येक वाट पाहणाऱ्या पिनेला एका रेझिस्टरने हळूच वरच्या दाबाशी बांधून ठेवतात. हे बांधणे इतके सौम्य की खरा पाहुणा आला तर त्याच्या एका बोटाने सुटावे, आणि इतके निश्चित की कोणी नसताना भास होऊ नये. रिकामे असणे आणि निराधार असणे यांत अंतर आहे, साधकहो, आणि ते अंतर या चिमूटभर रेझिस्टरएवढे आहे. आपणही ध्यानाला बसतो तेव्हा मन रिकामे करायला बसतो, आणि ते रिकामे मन प्रत्येक चाहुलीला दचकते, कारण आपण त्याला रिकामे केलेले असते पण कशाशी बांधलेले नसते. नामस्मरण हा तो सौम्य धागा आहे. उंबरठा रिकामा ठेवावा, पण चौकटीत घट्ट बसवून.

या पिनांत दोन पिना मला सर्वांत प्रिय झाल्या. फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये आखलेली आय-टू-सी नावाची एक रीत आहे, दूरदर्शन संचासारख्या यंत्रांतल्या चिपांनी मोजक्या तारांत आपसात बोलावे म्हणून काढलेली. तारा दोनच. एकीवर ताल, दुसरीवर शब्द. आणि या दोन तारांवर शंभराहून अधिक उपकरणे एका रांगेत नांदू शकतात, कारण प्रत्येकाला सात अंकी पत्ता असतो आणि बोलण्याआधी ज्याच्याशी बोलायचे त्याला त्याच्या पत्त्याने हाक मारली जाते. पण माझे मन जिथे रमले ती गोष्ट निराळी. या तारा विश्रांतीत उंच असतात, आणि बोलणारा कोणीही त्यांना वर ढकलत नाही. ज्याला बोलायचे आहे तो फक्त तार खाली ओढतो, आणि बोलून झाले की सोडून देतो, मग ती आपोआप वर जाते. इथे बोलणे म्हणजे वाकणे. दोघे एकदम बोलू लागले तरी तारेला इजा होत नाही, कारण कोणी कोणाला वर रेटत नसतो. आणि ज्याला ऐकायला वेळ हवा आहे तो तालाची तार थोडा वेळ खाली धरून ठेवतो, आणि सांगणारा थांबतो. मंद शिष्यासाठी गुरू थांबतो, तसा.

आणि या रीतीत प्रत्येक आठ अंकांनंतर नववा ठोका राखून ठेवलेला असतो, तो ऐकणाऱ्याचा. त्या ठोक्याला ऐकणाऱ्याने तार खाली ओढून सांगायचे की पोचले. आमच्या सिंधुदुर्गात देवापुढे गाऱ्हाणे घालतात ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना हा नववा ठोका समजावून सांगावा लागणार नाही. आधी देवाला नावाने हाक, मग एकेक मागणे, आणि प्रत्येक मागण्यामागे जमलेल्या सगळ्यांच्या मुखातून "व्हय म्हाराजा". ते "व्हय म्हाराजा" नसेल तर गाऱ्हाणे गाऱ्हाणे राहत नाही, एकट्याचे पुटपुटणे होते. गावच्या रामेश्वराच्या देवळाच्या सभामंडपात लहानपणी आजोबांचा हात धरून मी कित्येकदा ते म्हटले, आणि तेव्हा मला वाटे की आपण नुसता सूर मिळवतो आहोत. आता कळते की ती पोच होती. सांगणाऱ्याचा शब्द उंबरठा ओलांडून पलीकडे पडला की नाही, हे सांगणाऱ्याला कधीच कळत नाही, जोवर पलीकडून कोणी वाकून "व्हय" म्हणत नाही. विहिरीतल्या तापमानाच्या सेन्सरला भाच्याने पहिली हाक मारली आणि पडद्यावर त्याची पोच उमटली, तेव्हा माझ्या तोंडून नकळत तेच दोन शब्द निघाले.

उंबरठा एका घराचा असतो, पण त्याचे माप गावाचे असते. सगळ्यांच्या दारांची मापे वेगवेगळी असती तर नवरीच्या मापट्यापासून देवाच्या पालखीपर्यंत काहीच सुरळीत आत आले नसते. पाट्यांच्या जगातही हेच झाले. २००५ मध्ये इटलीतल्या इव्हरिया गावी विद्यार्थ्यांसाठी आर्दुइनो नावाची पाटी घडली, आणि तिच्या पिनांची मांडणी पाहून जगभरातल्या हजारो हातांनी तिच्यावर बसणारे जोडतुकडे बनवले. त्या मांडणीत सातव्या आणि आठव्या पिनांमधले अंतर ठरल्या मापात बसत नाही, ती आखताना झालेली चूक. पण लक्षात येईपर्यंत त्या मापाचे तुकडे बनून गेले होते, म्हणून चूक सुधारण्याऐवजी ती आजतागायत जपली गेली. ज्या पायवाटेने गाव चालत आले ती वाकडी असली तरी तिला वहिवाट म्हणतात, आणि वहिवाट मोडत नाहीत. पुढे बेलग्रेडच्या मिक्रोइलेक्ट्रोनिका कंपनीने मिक्रोबस नावाचे माप आखून सर्वांना खुले केले. आठ-आठ पिनांच्या दोन रांगा, त्यांत चढत्या-उतरत्या दाबासाठी एक, आय-टू-सीच्या दोन, जलद बोलणाऱ्या दुसऱ्या एका रीतीच्या चार, सावकाश पाठवणे-घेणे यांच्या दोन, आणि झोपलेल्या चिपेला जागे करण्यासाठी एक. या मापाचा कोणताही तुकडा, खारटपणाचा असो, वाऱ्याचा असो की बिनतारी संदेशाचा, त्या मापाच्या कोणत्याही पाटीवर बसतो.

पवईच्या आयआयटी मुंबईतून ई-यंत्र प्रकल्पाने महाविद्यालयांत नेलेला 'फायर बर्ड पाच' हा यंत्रमानव ज्या मुलांनी हाताळला, त्यांना हे पाठ आहे. त्याच्या पोटाशी पांढरी रेघ ओळखणारे सेन्सर, अंगावर अंतर मोजणारे सेन्सर, आणि पाठीवर बिनतारी संदेशाच्या तुकड्यासाठी राखलेली जागा. त्याहीआधी, १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम उभा केला, आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे यंत्रसाधनांची खुली कार्यशाळा, त्या खेड्यात आली. जगातले उत्तम साधन खेड्यातल्या मुलाच्या हाताशी यावे, तर मध्ये कोणीतरी उंबरठा व्हावे लागते, हे कलबागांनी आयुष्य देऊन दाखवले. पंढरपुरी महाद्वाराशी नामदेवांची पायरी आहे, आणि समोर चोखोबांची समाधी. संतांचे पाय लागावेत म्हणून नामदेवांनी गाभाऱ्यातली जागा मागितली नाही, पायरी मागितली. ज्यावरून सगळे जातात आणि जिथे कोणी थांबत नाही, अशी जागा मागण्याइतका अधिकार फार थोड्यांचा असतो. मापे आखून खुली करणाऱ्या त्या अनामिक कारागिरांचे स्मरण मी त्याच पायरीपाशी करतो.

आता शेवटचे दार, बिनतारी. इथे पाऊल टाकायला लाकूड नाही, पितळी पिनही नाही, उंबरठा हवेतच आहे. बिनतारी तुकडा पाटीच्या पिनांवर बसतो, आतून अंक घेतो आणि लहरींच्या रूपाने सोडून देतो. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा ठरावीक ताकदीच्या आत कोणालाही परवान्यावाचून वापरता येतो, आणि आम्ही घेतलेला लोरा जातीचा तुकडा त्याच पट्ट्यात बोलतो. त्या लहरीची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर, म्हणून तिच्या चतुर्थांशाएवढी, साधारण साडेआठ सेंटिमीटरची तार अँटेना म्हणून पुरते. भाच्याने पट्टी लावून तार कापली, टोक घासले, आणि मला बजावले की अँटेना लावल्याशिवाय हा तुकडा कधी बोलता करायचा नाही, कारण बाहेर जायला वाट न मिळालेली शक्ती परत फिरते आणि आतलेच जाळते. हे वाक्य मी मनात जपून ठेवले आहे. आणि विहिरीच्या आत, जांभ्याच्या चिऱ्यांच्या आड, लहरींचा जीव गुदमरतो, म्हणून सेन्सर खाली पाण्यात आणि अँटेना वर काठावर, बांबूच्या टोकाला. ज्याला दूर बोलायचे आहे त्याने आपल्या खोलीतून उंबरठ्यापर्यंत तरी यावे लागते.

लोराचे एक मर्म सांगतो. या रीतीत एकेक अक्षर जितके सावकाश, जितके ताणून उच्चारावे, तितके ते दूर पोचते, आणि भोवतीच्या गोंगाटापेक्षाही क्षीण झाले तरी पलीकडे ओळखू येते. घाईने बोललेले जवळच विरते. आमच्या गावच्या गजबादेवीच्या डोंगरावर, खाली समुद्र खडकांवर आदळत असताना, ज्यांनी आईसमोर हळू आवाजात मन मोकळे केले आहे, त्यांना या मर्माचा अनुभव निराळ्या मार्गाने आलेलाच आहे. आमच्या मच्छीमार बांधवांनाही आता असा एक उंबरठा मिळाला आहे. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरपलीकडे मोबाइलचे जाळे साथ सोडते, म्हणून २०१९ मध्ये केंद्र सरकारने जेमिनी नावाचे उपकरण आणले. ते गगन यंत्रणेच्या उपग्रहांकडून वादळाचा आणि लाटांचा इशारा घेते आणि ब्लूटूथने होडीतल्याच फोनवर उतरवते. आकाशातून आलेला शब्द शेवटच्या दोन हातांच्या अंतरासाठी फोनच्या उंबरठ्याशी थांबतो, आणि तिथून नाखव्याच्या भाषेत आत जातो.

आमची पाटी मात्र जवळपास सगळा वेळ झोपलेली असते. तासातून एकदा जागी होते, सेन्सरला हाक मारते, पोच घेते, आकडा पाठवते आणि परत निजते, म्हणून एका लहानशा बॅटरीवर महिनोन् महिने चालते. पहिल्या आठवड्याचे आकडे भाच्याने वहीत उतरवले तेव्हा एक गोष्ट दिसली. क्षार रोज संध्याकाळी चढत होते आणि पहाटेपर्यंत उतरत होते, भरती-ओहोटीच्या वेळा रोज पुढे सरकत असूनही संध्याकाळ काही सरकत नव्हती. मग आम्ही समजून घेतले. किनाऱ्याच्या जमिनीखाली गोडे पाणी हलके म्हणून वर तरंगते आणि खारे जड म्हणून खाली असते. वाळूच्या किनाऱ्याला साधारण असा नियम की समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची एक हात उंची असेल तर खाली चाळीस हात खोलवर गोडे पाणी तग धरते. भूजलाचे अभ्यासक गोड्या-खाऱ्याच्या त्या सीमेलाही इंटरफेसच म्हणतात. म्हणजे आमच्या विहिरीच्या तळाशीही एक उंबरठा होता, आणि आम्ही रोज संध्याकाळी माडांना पाणी द्यायला पंप दोन तास सलग चालवून वरचे पाणी उपसत होतो, त्यामुळे खालचे खारे वर ओढले जात होते. समुद्र आमच्या विहिरीत शिरत नव्हता, आम्ही त्याला आत ओढत होतो.

आपल्याकडे देहलीदीप असा एक न्याय आहे. दिवा घरात ठेवला तर घर उजळते, अंगणात ठेवला तर अंगण, आणि देहलीवर, म्हणजे उंबरठ्यावर ठेवला तर दोन्हीकडे प्रकाश पडतो. आम्ही विहीर पाहण्यासाठी दिवा लावला होता आणि त्याच्या उजेडात आमचा हात दिसला. आता पंप पहाटे अर्धा तास चालतो आणि संध्याकाळी अर्धा तास, मध्ये बाव विसावा घेते. पंपाची वेळ बदलली त्या दिवशी बहिणीने तिन्हीसांजेला नेहमीप्रमाणे उंबरठ्याला हळदकुंकू लावून दिवा ठेवला, आणि पडवीतल्या, निरोप घेणाऱ्या दुसऱ्या पाटीवर विहिरीचा निरोप पोचल्याची बारीक हिरवी खूण एकदा लुकलुकली. मी कितीतरी वेळ त्या दोन्ही ज्योतींच्या मध्ये बसून राहिलो, ना आत, ना बाहेर.